चिंध्या बांधलेली कणसं

प्रिय ओवी आणि निहार,

तुमच्या अंगणात जाळीवर भाजलेल्या कणसांचा फोटो मिळाला. वर लोणी, त्यावर चीज, त्यावर आणखी काहीतरी हिरवं. खाली निहारने विचारलंय, "आजी, तू असं कधी खाल्लंयस का?"

असं नाही खाल्लं. पण कणसं मी पुष्कळ खाल्ली आहेत, आणि ज्यांच्या शेतात खाल्ली त्या माणसाबद्दल मला लिहायचंच होतं. ते आमचे अहमदपूरचे घरमालक. गेल्या महिन्यात त्यांच्या वर्षश्राद्धाला मी लातूरहून गेले होते. तिथे एकेक जण उठला आणि त्यांना प्रेमळ म्हणाला, दिलदार म्हणाला, एकाने तर पाहुणचार करावा तो त्यांनीच, असंही सांगून टाकलं. मी बत्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निबंध तपासले. इतक्या चुका एका बैठकीत, हातात लाल पेन नसताना, मी कधी ऐकल्या नव्हत्या. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते आहे. शब्द अडला तर आईला विचारा. ती त्याच घरात वाढली.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर सतरा वर्षं राहिलो. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून आम्हीही काका म्हणायचो. ते बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, नांदेडची गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते कर्ण्यावरून सांगायचं. निवृत्त झाल्यावर काचेची खोली गेली, कर्णा गेला, आवाज मात्र घरी आला. सकाळी सहाला अंगणात उभं राहून ते जाहीर करत, "नळाला पाणी आलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी लक्ष द्यावं." आम्ही लक्ष देत नसू तर तेच पुन्हा एकदा, त्याच चालीत. तुमचे आजोबा म्हणायचे, खिडकीतून तिकीट मागू का?

त्यांना घड्याळाखेरीज कशाचंच कौतुक नव्हतं. कुणाचं बाळ जन्मलं की ते वेळ विचारायचे, मुलगा की मुलगी ते नंतर. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काका म्हणाले, "पंच्याऐंशी. राइट टाइम." मुलगा रडायचा थांबला आणि बघतच राहिला. याला वर्षश्राद्धात एकाने 'धीर देण्याची हातोटी' म्हटलं.

आता कणसांकडे येते.

तुमच्या आईने तुम्हाला हुरड्याबद्दल सांगितलं असेल. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं शेतातच भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे आणि गरम गरम खायचे. त्यासाठी जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करतात, त्याला आगटी म्हणतात. लोक भोवती दाटीवाटीने बसतात, कारण थंडी असते. काकांनी हा सगळा थाट उचलला आणि एप्रिलमध्ये नेऊन ठेवला. शेत गावापासून चार किलोमीटरवर. विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी मका. दर वर्षी एप्रिलचा दुसरा रविवार, दुपारी बारा वाजता, उघड्या रानात आगटी. पारा बेचाळीसवर आणि मध्ये विस्तव. आंब्याचं एक झाड होतं, पण ते आगटीपासून पन्नास पावलांवर होतं आणि काकांच्या मते सावलीत नेईपर्यंत कणीस निवतं.

"काका," औषधाच्या दुकानाचे मालक दर वर्षी म्हणायचे, "हे तुमी माझ्या धंद्यासाठीच करून राहिलाव ना? उद्या समदे माझ्याच दुकानात येणार."

"बारा म्हंजे बारा. ज्याला ऊन लागतंय त्यानं पुढच्या गाडीनं जावं," काका म्हणायचे. पुढची गाडी म्हणजे पुढचा एप्रिल.

मीठ नाही. लिंबू नाही. तिखट तर नाहीच. मी एकदा पर्समधून लिंबाची फोड काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन बांधापलीकडे भिरकावली. कणसाला दात लावायचे नाहीत, हुरड्यासारखे अंगठ्याने दाणे सोडवून खायचे. बांधाला बांध असलेला एक शेजारी होता. म्हशी होत्या त्याच्या, म्हणून तोही उन्हाळ्यात वैरणीचा मका लावायचा. तो भला माणूस एकदा आला आणि कणीस आडवं धरून खायला लागला. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "कडबा घालू का संगट?" तो उठून गेला तो पुन्हा आला नाही. मला विचाराल तर त्या आगटीवरून अब्रूनिशी उठलेला तो एकटाच.

आम्ही बाकीचे का जात होतो, हा प्रश्न योग्य आहे. भाडेकरू घरमालकाच्या घरी बोलावल्यावर जातो, हे एक उत्तर. दुसरं असं की झाडापासून ताटातूट होऊन चार मिनिटंही न झालेलं कणीस, हिरव्या सालट्यातच भाजलेलं, दुसरीकडे कुठे मिळत नाही. सालटं सोलताना जी वाफ येते तिचा वास तुमच्या त्या चीजला येणार नाही. हे मी त्या माणसाच्या खात्यात जमा करत नाही. मक्याच्या करते.

आणि कणसं तरी कसली मिळायची? पांढऱ्या दाण्यांत मध्येच पिवळे दाणे. पान खाणाऱ्याच्या दातांसारखी. मी बरीच वर्षं समजत होते की हा मका असाच असतो. मग एका एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर ओळींतून चालले तेव्हा पाहिलं. काका एकेका ताटाजवळ, म्हणजे मक्याच्या उभ्या झाडाजवळ, थांबायचे, उभ्या ताटावरच कणसाच्या शेंड्याचं सालटं बोटभर उचलायचे आणि डोळा लावून आत बघायचे. पिवळा दाणा दिसला की कणीस मोडून टोपलीत. अख्खं पांढरं दिसलं तर सालटं नीट मिटायचे, खिशातून चिंधी काढून गाठ मारायचे आणि पुढे जायचे.

मी काकूंना विचारलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि त्या घरातली एकमेव बोलण्यासारखी व्यक्ती.

"सासूबाईंचं बियाणं हाय ते," काकू म्हणाल्या. "पांढरा मका. शेजाऱ्याचा पिवळा हाय, वाऱ्यानं त्याचा फुलोरा इकडं येतोय, की ह्याच्यात पिवळे दाणे भरतेत. मग पांढरं निघालं ते बियाला ठेवायचं, ताटावरच वाळू द्यायचं. बाटलेलं निघालं ते…"

"ते पाहुण्यांना."

"ते पाहुण्यांला," काकू म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "त्यांला माणसापरीस कणसाची तोंडं जास्त वळखू येतेत."

म्हणजे एवढी वर्षं, भर उन्हात, विस्तवाशेजारी, घड्याळ लावून, आम्हाला टाकाऊ माल खाऊ घातला जात होता. वरून आम्ही आभार मानत होतो. पाहुणचार म्हणे.

पण मला हे कळल्यानंतर दोनच वर्षांनी जे झालं ते माझ्या हातून झालं. तेही लिहिते, नाहीतर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

नांदेडहून माझी बहीण आली होती. एप्रिल संपत आला होता, आगटीचा रविवार होऊन गेला होता. काका आणि काकू लग्नाला लातूरजवळच्या मुरुडला निघाले होते. बहिणीला कणसं खायची होती, म्हणून मी जिन्यातच काकांना विचारलं. रिक्षा उभी होती. काका म्हणाले, "जावा की. राहिलेली हायत बांधाकडं. खूण बघून घ्या." एवढं बोलून रिक्षात बसले, कारण मुरुडचा मुहूर्त त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

खूण बघून घ्या. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की प्रश्न दोनदा वाचा. मला चिंध्यांचा अर्थ ठाऊक होता. काकूंनी सांगितला होता. तरी त्या दिवशी शेतात उभी राहिले तेव्हा मला असं वाटलं, की या माणसाने एकदाची आपल्यासाठी चांगली कणसं राखून खूण करून ठेवली आहेत, बियाण्यापुरती त्यांनी आधीच काढून घेतली असतील. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं. बहिणीसमोर मला पिवळ्या दाण्यांची कणसं द्यायची नव्हती. अकरा चिंध्या दिसल्या. अकरा कणसं मोडली. दाणा जरा जून झाला होता, पण भाजल्यावर चालून गेला.

"तुझे घरमालक राजा माणूस दिसतात गं," बहीण म्हणाली.

"खाऊन घे," मी म्हटलं. "ते परत आल्यावर तुझं मत बदलेल."

चिंध्या मी घरी आणल्या, धुतल्या, वाळवल्या, घड्या घालून ठेवल्या. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी काका परतले आणि थेट शेतात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाण्याची घोषणा झाली नाही. साडेसहाला ते जिना चढून वर आले. आम्ही राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच वर आले होते.

"मॅडम, चिंध्या कुठायत?"

मी घडी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक उलगडून मोजली.

"अकरा."

"हो," मी म्हटलं. "अकराच होत्या."

"अवंदा समदी मिळून अकराच निघाली व्हती," ते म्हणाले. "मी बाटलेली उरली व्हती त्यांचं बोललो. बिगरचिंधीची."

त्यांनी मला ओरडावं, असं मला वाटत होतं. लिंबाच्या फोडीवरून जो माणूस रान डोक्यावर घेतो, त्याने आता घर डोक्यावर घ्यावं, म्हणजे मला मान खाली घालून उभं राहता येईल. ते चिंध्या खिशात घालून खाली गेले. त्यानंतर आठ दिवस घरात बोलले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. मी माफी मागायला तीनदा गेले आणि तिन्ही वेळा ते मला बघून घड्याळाला चावी देत बसले.

शेवटी काकूंनीच वाट काढली. आदल्या वर्षीच्या बियाण्यातलं मूठभर चुलीवरच्या फळीवर बरणीत राहिलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं. कोंब आलेले तेवढेच रानात लावले. त्यातली एकोणीस रोपं धरली. एवढीच त्यांच्या आईची शिल्लक. त्या एकोणीस ताटांवर पुन्हा पलीकडून पिवळा फुलोरा आला, तर पुढच्या साली चिंधी बांधायला काही उरणार नव्हतं.

"शेजाऱ्याला सांगा ना, या वर्षी पंधरा दिवस आधी वैरण कापायला," मी म्हटलं.

"त्याला मी सांगू?" काका म्हणाले. माझ्याशी ते जवळपास वर्षाने बोलत होते. "ज्यानं आडवा धरून बुट्टा खाल्ला त्याला?"

म्हणजे आईचं बियाणं जाईल, पण हा माणूस बांध ओलांडून एका वाक्याची विनंती करणार नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वर्षश्राद्धात याला 'स्वाभिमान' म्हटलं गेलं.

मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं की कणसातून केस बाहेर यायच्या आधी त्यावर कागदी पिशवी चढवायची. केस आले की सकाळी आपल्याच ताटांच्या तुऱ्यांतली परागांची भुकटी कागदावर झाडून घ्यायची, पिशवी क्षणभर काढून ती केसांवर टाकायची, आणि पिशवी परत लावायची. कागदी पिशव्या माझ्याकडे भरपूर होत्या. उत्तरपत्रिकांचे जुने, जाड, तपकिरी लिफाफे. मी एकोणीस लिफाफे घेऊन गेले. प्रत्येकावर ताटाचा क्रमांक घातला.

काका कमरेवर हात ठेवून बघत होते. "कणसाला परीक्षेला बसवून राहिलाव का मॅडम?"

"तुम्ही पर्यवेक्षण करा," मी म्हटलं. "वेळ सांगा फक्त."

ती त्यांनी सांगितली. दोन आठवडे मी रोज सकाळी सातला शेतात. ते हातात घड्याळ धरून उभे. एके दिवशी रिक्षा न मिळाल्याने मला दहा मिनिटं उशीर झाला, तर ते बांधावरूनच ओरडले, "सात वाजताची गाडी सुटलेली आहे." मी त्यांचं नुकसान केलं होतं, म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

एप्रिलचा दुसरा रविवार आला. बियाणं असो नसो, वेळापत्रक बदलायचं नव्हतं. पाच पाहुणे, काकू, मी. आगटी पेटली. बाराला पाच कमी असताना काका टोपली घेऊन ओळीत शिरले. पहिल्या ताटावरचा लिफाफा काढला, सालटं उचललं, बघितलं, मिटलं. खिशातून चिंधी काढली. दुसरं. पुन्हा चिंधी. तिसरं, चौथं. आम्ही आगटीभोवती घाम पुसत बघत होतो. दहाव्या ताटानंतर ते भराभर चालायला लागले. चिंध्या संपल्या तेव्हा मक्याचंच पान फाडून बांधायला लागले. एकोणिसाव्यापर्यंत गेले आणि रिकामी टोपली घेऊन परत आले.

"एक बी बाटलेलं न्हाई," ते म्हणाले.

औषधवाल्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की विस्तव फुललेला आहे, बारा वाजले आहेत आणि भाजायला काही नाही.

"आता काय चिंध्या भाजायच्या?" काकू म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. ते टोपली धरून उभे होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी खाल्लाव. कसं लागतंय?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. म्हणजे यांनी कधी खाल्लंच नव्हतं. आई असताना आईची शिस्त, नंतर यांची. पांढरं निघालं की चिंधी, बाटलेलं निघालं की आगटी. पाहुण्यांना टाकाऊ खाऊ घालणारा हा माणूस स्वतःही जन्मभर टाकाऊच खात आला होता. निखळ पांढरं कणीस त्या शेतात फक्त मी आणि माझ्या बहिणीने खाल्लं होतं, तेही चोरून म्हणावं असं.

एखाद्या प्रेमळ बाईने 'अमृत' म्हटलं असतं. मी म्हटलं, "खरं सांगू का काका? पिठूळ लागतं. गोडी कमी आहे. नांदेडला गाड्यावर मिळतो तो पिवळा जास्त गोड."

काका म्हणाले, "तुमी जास्त भाजलाव आसंल."

मग ते ओळीत परत गेले आणि शेवटच्या ताटावरचं कणीस मोडून घेऊन आले. एकोणिसातलं एक. सालट्यासकट विस्तवात घातलं, तीनदा फिरवलं, सोललं. अंगठ्याने दाणे सोडवून प्रत्येकाच्या तळहातावर दहा-बारा ठेवले. शेवटचे स्वतः घेतले. बराच वेळ चावत राहिले.

"अवंदा पाणी कमी पडलं," ते म्हणाले.

काकूंनी दाणे खाल्ले आणि कपाळाला हात लावला. "अगं माय! ह्याच्यापायी चाळीस वर्सं चिंध्या फाडून दिल्या व्हय मी?"

"गोड लागतंय म्हणून दिलं न्हवतं मायनं," काका म्हणाले. "ठिव म्हणाली. मी ठिवलं. कसं लागतंय ते तिला बी ठावं नसंल." आणि घड्याळ बघून, "बारा वाजून चाळीस. चला, उठा समदे."

पाच पाहुणे, दहा-बारा दाणे आणि उठा. असा पाहुणचार. त्या वर्षानंतर त्यांनी अठराही कणसांचं बियाणं धरलं, दर उन्हाळ्याला लावलं, आणि मी निवृत्त होऊन लातूरला येईपर्यंत दर फेब्रुवारीत जिन्यातून आवाज यायचा की लिफाफे तयार ठेवावेत. 'द्या' किंवा 'मिळतील का' हे त्यांना अखेरपर्यंत जमलं नाही. शेजाऱ्याशीही ते बोलले नाहीत. ते गेले तेव्हा खांदा द्यायला तो शेजारी आला होता. तो खरोखर दिलदार माणूस, आणि त्याच्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

शेत आता काकू बघतात. या उन्हाळ्यात त्यांनी सहा ओळी लावल्या. लिफाफे मी लातूरहून पाठवले आणि ते चढवायला तो शेजारी सकाळी बांध ओलांडून येतो. मका अजून पांढरा आहे, आणि अजूनही पिठूळच लागतो.

तुमची,
आजी